नगराची वार्ता आणि नागरिकाचे दार

गावात दवंडी पिटली जात असे, त्या काळी कारभाराची बातमी ऐकण्यासाठी कोणास घराबाहेर पडावे लागत नसे. हलगीचा आवाज वेशीकडून जवळ येऊ लागला की चुलीपाशी बसलेली गृहिणीही क्षणभर हात थांबवून कान देई. चावडीवर उद्या कशासाठी जमायचे, शेतसाऱ्याचा हप्ता केव्हा भरायचा, पटकीच्या साथीत कोणत्या विहिरीचे पाणी वर्ज्य करायचे, हे सारे लोकांच्याच बोलीत त्यांच्या दारापाशी सांगितले जाई. त्या सांगण्यात तपशील थोडा असे आणि उलट प्रश्न विचारण्यास तर मुळीच वाव नसे. दवंडी हुकमाची होती, विचारविनिमयाची नव्हती. तथापि तिच्या अंगी दोन गुण होते. ती ऐकणाऱ्याच्या दारापर्यंत येई आणि घटना घडण्यापूर्वी येई.

आजच्या शहरात हुकमाची जागा कायद्याने आणि पाटलाची जागा निवडून आलेल्या नगरसेवकाने घेतली आहे. नागरिकास मत आहे, हरकत घेण्याचा अधिकार आहे, कागद मागण्याचा अधिकार आहे. परंतु दवंडीचे ते दोन गुण मात्र शहराच्या विस्तारात हरवले. २०११ च्या जनगणनेत भारतातील नागरी लोकसंख्या सुमारे ३७ कोटी ७० लाख भरली. एकट्या मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत १ कोटी २४ लाख माणसे मोजली गेली आणि तिच्या निर्वाचित नगरसेवकांची संख्या आहे २२७. म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी ५५ हजार माणसे येतात. इतक्या दारांपर्यंत एका माणसाने स्वतः जाऊन बातमी सांगणे अशक्य. म्हणून ती कागदावर उतरते, विभाग कार्यालयातील फलकावर डकवली जाते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापली जाते. कायद्याच्या दृष्टीने सूचना दिली गेलेली असते. रहिवाशास मात्र ती बहुधा तेव्हा कळते, जेव्हा त्याच्या घरासमोर कुदळ पडते.

हे असे का होते, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम नगराची वार्ता म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. तिचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार सेवेच्या सूचनांचा. उद्या पाणी येणार नाही, अमुक रस्ता दुरुस्तीसाठी बंद राहील, लसीकरणाचे केंद्र अमुक शाळेत आहे, ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा, अशा या सूचना असतात. त्या बहुतेक वेळी लोकांपर्यंत पोहोचतात, कारण त्या पोहोचल्या नाहीत तर तक्रारी दुसऱ्याच दिवशी कार्यालयाच्या दारात उभ्या राहतात.

दुसरा प्रकार संकल्पित कृतीच्या सूचनांचा. विकास आराखड्याचा मसुदा, रस्त्याची नियोजित रेषा, घरपट्टीची नवी आकारणी, प्रभागांच्या सीमांची नवी रचना, मतदारयादीचे प्रारूप, हे सर्व या वर्गात मोडते. येथे पालिका किंवा तत्सम अधिकारी काही करू इच्छितात आणि ते करण्यापूर्वी नागरिकांकडून ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागवतात. या सूचनेचे सारे मोल तिच्या मुदतीत आहे.

तिसरा प्रकार निर्णयांचा व हिशेबाचा. सर्वसाधारण सभेचे ठराव, स्थायी समितीने मंजूर केलेले खर्च, वर्षाचे अंदाजपत्रक, कोणते काम कोणत्या ठेकेदारास किती रकमेस दिले आणि ते केव्हा पुरे व्हावयाचे होते, ही माहिती या वर्गात येते. गल्लीतला रस्ता वर्षभरात तीनदा का उखडला गेला, या प्रश्नाचे उत्तर याच कागदांत असते.

पहिल्या प्रकारची वार्ता दैनंदिन सोयीची आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची वार्ता अधिकाराची आहे, आणि नेमकी तीच दारापर्यंत येत नाही. एक साधे उदाहरण घ्यावे. एखाद्या जुन्या पेठेत वाडवडिलांनी बांधलेले दुमजली घर आहे. खाली किराणा मालाचे दुकान, वर कुटुंबाची वस्ती. नगररचना खात्याच्या नकाशावर त्या रस्त्याची रुंदी वाढवण्याची रेषा आखली जाते आणि ती घराच्या ओटीवरून व दुकानाच्या अर्ध्या भागावरून जाते. नकाशा प्रसिद्ध होतो व हरकतींची मुदत सुरू होते. गृहस्थास ते मुदतीत कळले तर तो मिळकतीची कागदपत्रे घेऊन सुनावणीस जाऊ शकतो, रेषा समोरच्या मोकळ्या जागेकडे सरकवावी असे सुचवू शकतो, शेजाऱ्यांसह एकत्र निवेदन देऊ शकतो. मुदत टळल्यानंतर कळले तर बोलणे नुकसानभरपाईचे किंवा न्यायालयाचे उरते. घर तेच, कायदा तोच आणि माणूसही तोच. परंतु बातमी चार आठवडे उशिरा आल्यामुळे त्याच्या हातातील साधने बदलतात.

भारतात नगरपालिकेची कल्पना जुनी आहे. मद्रास शहरात १६८८ मध्येच नगरसंस्था स्थापन झाली होती. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव केला आणि स्थानिक संस्था या लोकांच्या राजकीय शिक्षणाच्या शाळा व्हाव्यात हा विचार त्यात मांडला. १८८८ मध्ये मुंबईचा महापालिका अधिनियम झाला व त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा वाटा मोठा होता. तथापि ठराव होणे आणि ठराव लोकांच्या जीवनात उतरणे यांत किती अंतर असू शकते, हे महाराष्ट्रातील एका लहानशा नगरपालिकेच्या इतिहासाइतके अन्यत्र क्वचितच स्पष्ट दिसेल.

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने रावबहादुर बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना खुले केले. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न मिटला होता. प्रत्यक्षात, ज्या समाजाकडे गावोगाव निरोप पोहोचवण्याचे व दवंडी देण्याचे वतनी काम असे, त्या समाजास त्या तळ्याचे पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले व त्यांनी ते पाणी प्राशन केले. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला मूळ ठराव रद्द केला. त्यानंतरचा न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या बाजूने लागला. महाडचा सत्याग्रह माणुसकीच्या हक्काचा होता, आणि त्याची थोरवी एका नगरपालिकेच्या कागदापुरती मर्यादित नाही. तरीही नगरकारभाराच्या अभ्यासकाने त्यातून एक बोध घेण्यासारखा आहे. दप्तरात पडून राहिलेला ठराव कोणाचीही तहान भागवीत नाही. तो ज्यांच्यासाठी झाला त्यांना माहीत व्हावा लागतो, त्यांनी तो हाती घेऊन पुढे यावे लागते, आणि तो रद्द होऊ घातला तर तेही त्यांना वेळीच कळावे लागते.

स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे नगरपालिकांचे अस्तित्व राज्य सरकारांच्या इच्छेवर अवलंबून होते. १९९२ मध्ये संसदेने चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती संमत केली व ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान दिले, पाच वर्षांची मुदत ठरवली, स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या आणि बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांकडे सोपवता येतील असे अठरा विषय नोंदवले. याच दुरुस्तीतील एका अनुच्छेदाने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्या स्थापन करणे आवश्यक केले. हेतू असा की, दूरच्या सभागृहात होणारा विचार वस्तीच्या जवळ यावा आणि वस्तीतील माणसास तो कानावर घेता यावा.

मात्र या तरतुदीची अंमलबजावणी राज्याराज्यांत निरनिराळी झाली. केरळ आणि पश्चिम बंगाल या राज्यांनी प्रत्येक प्रभागासाठी स्वतंत्र समितीची कल्पना स्वीकारली. केरळमध्ये लहान नगरांत तर प्रभागातील सर्व मतदारांची सभा भरवण्याची व्यवस्था कायद्यात आहे, आणि १९९६ मध्ये तेथे सुरू झालेल्या लोकनियोजनाच्या मोहिमेने या सभांस चालना दिली. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत मात्र अनेक प्रभाग मिळून एक समिती होते. तिच्यात नगरसेवक असतात आणि नोंदणीकृत सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नामनिर्देशित करता येतात. एका समितीखाली काही लाख लोक येत असतील तर ती वस्तीच्या जवळ आली असे म्हणणे कठीण आहे. ही उणीव ओळखून दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मधील आपल्या अहवालात मतदानकेंद्राच्या पातळीवर क्षेत्रसभा असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्राच्या कायद्यातही २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आली. तरतूद आली म्हणजे सभा भरू लागली असे मात्र नव्हे. बंगळूरमध्ये २०१८ च्या अखेरीस प्रभाग समितीची बैठक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भरवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. ही बाब वरवर किरकोळ वाटेल. परंतु बैठकीचा वार एकदा निश्चित झाला की तिच्या निमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. आठवडी बाजार कधी भरतो हे जसे गावात कोणी कोणास विचारीत नाही, तसेच हे आहे.

सभागृहच नसेल तर काय होते, हेही अलीकडच्या काळाने दाखवून दिले. चेन्नई महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत २०१६ मध्ये संपली आणि पुढील निवडणूक फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. त्याच २०२२ मध्ये, मार्च महिन्यात, मुंबई महापालिकेची मुदत संपली व तेथे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, कामेही त्वरेने उरकतात. परंतु सभागृहात प्रस्तावावर जी उलटसुलट चर्चा होते, वृत्तपत्रे जी छापतात व विरोधी सदस्य जी कारणे मागतात, ती चर्चा अशा काळात होत नाही. निर्णय कळतो, त्यामागचा विचार कळत नाही.

या सर्व उणिवांवर कायद्याने एक उपाय दिला आहे आणि तो बहुतेक नागरिकांना अर्धाच ठाऊक आहे. २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम म्हटला की अर्ज, दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत एवढेच सामान्यतः आठवते. अर्ज ही पुढची पायरी झाली. अधिनियमाचे चौथे कलम सांगते की, कोणी मागण्याची वाट न पाहता सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी. आपली कामे कोणती, निर्णय घेण्याची रीत कोणती, अंदाजपत्रक किती व खर्च किती, हे तिने सांगावे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे द्यावीत. ही माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काचे सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करावा. ती कोणत्या मार्गांनी द्यावी याची यादीही कायद्यात आहे. सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमे आणि इंटरनेट. जाहीर घोषणा म्हणजे दुसरे काय? विसरलेली दवंडीच कायद्याच्या पुस्तकात सन्मानाने परत आली आहे.

आता प्रश्न असा की, वार्ता खरोखरच वेळेवर आली तर सामान्य रहिवासी तिचे काय करू शकतो? नकाशे, कलमे, परिशिष्टे ही तज्ज्ञांची क्षेत्रे नव्हेत काय? या शंकेचे उत्तर मुंबईच्या विकास आराखड्याने दिले आहे. २०३४ पर्यंतच्या विकासाचा मसुदा महापालिकेने फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांनी आपापल्या वस्तीची पाने उघडली आणि त्यांना दोष दिसू लागले. कोठे उभ्या असलेल्या इमारतीवरून रस्ता आखलेला, कोठे जुने प्रार्थनास्थळ किंवा रुग्णालय नकाशावर चुकीच्या रीतीने दाखवलेले, कोठे मोकळ्या जागेची नोंदच वेगळी. या चुका शोधण्यास नगररचनेची पदवी लागत नव्हती. आपल्या गल्लीत कोपऱ्यावर काय आहे, एवढेच माहीत असावे लागत होते, आणि ते तेथील रहिवाशांइतके कोणासच माहीत नव्हते. हरकतींचा ओघ सुरू झाला. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने तो मसुदा दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यावर पुन्हा हरकती मागवण्यात आल्या. अखेर मे २०१८ मध्ये राज्य सरकारने आराखड्यास मान्यता दिली. अंतिम आराखडा सर्वांच्या मनासारखा झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु लोकांनी मसुदा वाचला नसता तर त्या चुका जशाच्या तशा पुढील वीस वर्षांचा कायदा होऊन बसल्या असत्या.

अंदाजपत्रकाच्या बाबतीत पुण्याचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचवण्याची संधी दिली. पदपथ, दिवे, बसथांब्याचा निवारा, बाकडी अशा या सूचना असतात. यात एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि अंदाजपत्रक त्याआधी काही आठवडे सभागृहापुढे येते, म्हणून सूचना त्याच्याही कित्येक महिने आधी, पावसाळा सरता सरता द्याव्या लागतात. मार्चमध्ये रस्त्यावरचा खड्डा पाहून संतापलेला नागरिक पुढील वर्षाचे अंदाजपत्रक ठरून गेल्यावर बोलत असतो. त्याचा संताप न्याय्य आहे, परंतु त्याचे पंचांग चुकले आहे. शेतकऱ्यास जसा पेरणीचा काळ ठाऊक असतो, तसा नागरिकास अंदाजपत्रकाचा, आकारणीचा आणि मतदारयादीचा काळ ठाऊक असला पाहिजे.

तेव्हा कोणतीही जाहीर सूचना हाती आली की तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. सूचना कोणत्या दिनांकास प्रसिद्ध झाली आणि मुदत कोणत्या दिनांकास संपते, ही पहिली. हरकत कोणत्या अधिकाऱ्याकडे व कोणत्या पत्त्यावर द्यावयाची, ही दुसरी. मूळ नकाशा किंवा कागद कोठे पाहावयास ठेवला आहे, ही तिसरी. हरकत लेखी असावी, थोडक्यात असावी, तीत मिळकतीचा किंवा जागेचा निश्चित उल्लेख असावा आणि तिची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली तक्रार ऐकणाऱ्याच्या स्मरणावर जगते. आवक क्रमांक पडलेला कागद दप्तरात राहतो.

अलीकडे भ्रमणध्वनीवर संदेश येतात, गृहसंस्थांचे समूह असतात, पालिकांची संकेतस्थळे असतात. या साधनांनी वार्तेचा वेग वाढला आहे यात संशय नाही. त्याबरोबर दोन अडचणीही आल्या. पाणी बंद राहण्याची जुनी सूचना दिनांकाविना फिरत राहते व लोक विनाकारण हंडे भरून ठेवतात. अशा वेळी सूचनेवरील दिनांक आणि ती देणारे कार्यालय पाहणे हाच उपाय. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. चाळीतील वृद्धा, बांधकामावरील मजूर, झोपडवस्तीतील कुटुंब यांच्यापर्यंत ही साधने सारख्या प्रमाणात पोहोचत नाहीत, आणि रस्ता रुंद झाला किंवा नळजोडणी तुटली तर झळ प्रथम त्यांनाच लागते. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बंगळूर अशा नगरांत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांना आणखी एक अनुभव येतो. तेथील सूचना तेथील राज्यभाषेत असते आणि तसे असणे योग्यच आहे. नवख्या बिऱ्हाडास ती वाचून दाखवणारा शेजारी लागतो. मुंबई-पुण्यात येऊन राहिलेल्या परप्रांतीय कुटुंबासही मराठी सूचना समजावून देणारा शेजारी तितकाच हवा असतो.

कायदा पालिकेवर सूचना देण्याचे कर्तव्य घालतो. ते तिने नीट पाळावे, आणि पाळले नाही तर तिला जाब विचारावा. परंतु विभाग कार्यालयाचा फलक आणि चाळीचा तिसरा मजला यांमधले अंतर कोणताही कायदा पुरते मिटवू शकत नाही. ते चालून जाण्यास वस्तीतीलच कोणी लागतो. सेवानिवृत्त शिक्षक असेल, महिला मंडळाची कार्यवाह असेल, महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी असेल. आठवड्यातून एकदा त्याने फलक पाहावा, मुदतीचा दिनांक टिपून घ्यावा आणि येताना जिन्याखालच्या पाटीवर खडूने दोन ओळी लिहाव्यात. मुदत संपण्यास अजून दहा दिवस आहेत, एवढे जरी त्या पाटीवरून वरच्या मजल्यावरील वृद्धेस कळले, तरी तिला आपली घरपट्टीची पावती शोधून ठेवण्यास आणि सुनावणीस कोणी सोबत येईल का हे विचारण्यास पुरेसा वेळ मिळेल.